पाण्यात उभं, तरी सुकतंय: चिकणमातीतलं कोवळं झाड सावरताना

बागेतलं एखादं झाड पहिल्या वर्षी बरं चालतं. दुसऱ्या वर्षी पालवी उशिरा फुटते, पानं आखूड येतात. मग एका दमट आठवड्यानंतर शेंडे मान टाकतात, खालची पानं पिवळी पडून गळू लागतात आणि आपला हात आपोआप पाण्याच्या नळीकडे जातो. तो हात आवरा. माती ओली असताना झाड कोमेजत असेल, तर त्याला आणखी पाणी घालणं म्हणजे बुडणाऱ्याच्या तोंडाशी तांब्या धरणं.

मीही हेच केलं होतं. चिकणमातीत खोल खड्डा खणला, तळाशी खडी टाकली, वर भुसभुशीत कंपोस्ट भरलं आणि घट्ट बसावं म्हणून झाड चार बोटं खोलच लावलं. सुकायला लागलं तसं पाणी वाढवलं. शेवटी उपटून पाहिलं तेव्हा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली बादली झाली होती आणि मुळं काळी, बुळबुळीत. त्या एका खड्ड्यात मी चार चुका केल्या होत्या. चारही पुढे येतीलच.

हे मार्गदर्शन एक ते पाच वर्षं वयाच्या, सावलीसाठी किंवा शोभेसाठी लावलेल्या झाडापुरतं आहे. पायऱ्यांचा क्रम शक्यतो मोडू नका, कारण पहिल्या चार पायऱ्यांतच निम्मी झाडं मार्गी लागतात आणि पाचवीची मेहनत वाचते.

माती ओली, मग तहान कशाची?

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक असतो. वाळूचा मोठ्यात मोठा कण २ मिलिमीटरचा, म्हणजे हजारपट मोठा. गंमत अशी की चिकणमातीतली एकूण पोकळी वाळूपेक्षा कमी नसते, उलट जास्तच भरते. पण ती इतक्या बारीक छिद्रांत वाटलेली असते की पाणी तिथे चिकटून बसतं आणि खाली उतरायचं नाव घेत नाही. पाणी बसलं की हवेला जागा उरत नाही.

आणि मुळांना हवा लागते. ऑक्सिजन हवेतून जितक्या वेगानं पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद तो पाण्यातून पसरतो. म्हणून माती पाण्यानं भरली की उरलासुरला ऑक्सिजन मुळं आणि सूक्ष्मजीव काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत संपवतात. मग मूळ ऑक्सिजनशिवायच साखर आंबवून कसंबसं भागवतं. एरवी साखरेच्या एका रेणूतून ऊर्जेची तीसेक एककं मिळतात, आंबवून मिळतात फक्त २. या उपासमारीत आधी जातात त्या केसांसारख्या पांढऱ्या मुळ्या. पाणी पिण्याचं काम त्यांचंच, त्यामुळे त्या गेल्या की झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं राहतं. भाताच्या रोपाला हे सोसतं, कारण त्याच्या देठांतून मुळांपर्यंत हवेच्या नळ्या गेलेल्या असतात. बागेतल्या बहुतेक झाडांकडे ती सोय नाही.

ऋतूचाही संबंध आहे. थंडीत पानं झडलेली असताना साचलेलं पाणी झाड बरंच सोसतं. तेच पाणी उबदार दिवसांत, पानं भरात असताना साचलं तर चार दिवसांतही दणका बसू शकतो, कारण मुळांना तेव्हाच सगळ्यात जास्त ऑक्सिजन हवा असतो.

पायरी १: पानांवर विसंबू नका, माती उकरा

पाण्याअभावी सुकलेली पानं साधारणपणे कडांपासून तपकिरी, कुरकुरीत होतात. जास्त पाण्यानं त्रासलेली पानं मऊ पडून लोंबतात, आतल्या आणि खालच्या बाजूची आधी पिवळी होतात, नवी पानं लहान येतात. कधी शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. हा केवडा लोहाच्या कमतरतेचा असतो, पण दर वेळी मातीत लोह कमी असतं असं नाही. बऱ्याचदा लोह असतं, ते उचलणारी मुळंच नसतात. कमी पाणी आणि जास्त पाणी या दोन्हींचे शेवट मात्र सारखेच दिसतात, त्यामुळे पानं पाहून अंदाज बांधा आणि निकाल मातीवर सोडा.

खुरपं किंवा छोटं फावडं घ्या आणि दोन ठिकाणी वीतभर उकरा. एक मुळांभोवतीच्या हुंडीच्या कडेला, म्हणजे रोपवाटिकेतून आलेला मातीचा गोळा जिथे संपतो तिथे. दुसरं तिथून मीटरभर दूर. आता नाक लावा. निरोगी मातीला पहिल्या पावसाचा वास असतो, गुदमरलेल्या मातीला सडक्या अंड्याचा. रंगही पाहा. राखाडी-निळसर मातीत गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले, तर ती जागा वर्षातून बराच काळ पाण्याखाली असते हे नक्की. हवा नसली की मातीतलं लोह रंग बदलतं आणि जिथून थोडी हवा शिरते तिथे ते गंजतं. हा पुरावा कोरड्या दिवसांतही पुसला जात नाही, म्हणून जागेचा इतिहास वाचायला मला तो सगळ्यात भरवशाचा वाटतो.

दोन-चार बारीक मुळं तोडून बघा. जिवंत मूळ आतून पांढरं किंवा फिकट आणि टणक असतं. मेलेल्या मुळाची साल चिमटीत धरून ओढली की मोज्यासारखी निघून येते आणि हातात दोरा राहतो.

माती खरंच चिकण आहे का, तेही तपासा. ओली माती अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पुढे ढकला. न तुटता ५ सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी निघाली तर ती अस्सल चिकणमाती. पट्टी त्याआधीच तुटत असेल आणि तरीही पाणी साचत असेल, तर दोष बहुधा दाबल्या गेलेल्या थराचा आहे. बांधकामाच्या जागी यंत्रांच्या चाकाखाली माती धोपटली जाते आणि तिच्यावर हिरवळीपुरता सुपीक मातीचा पातळ थर पसरतात. अशा जागी पहार मारून पाहा. वीत-दीड वीत खाली ती ठण्णकन अडली आणि त्याखाली पुन्हा सहज उतरली, तर अडचण त्या एका थराची आहे. झाडाच्या पसाऱ्याबाहेर तो थर फोडला तर फरक पडतो.

पायरी २: निचरा मोजा

झाडापासून मीटरभर दूर, पण त्याच उंचीच्या जागी, ३० सेंटिमीटर खोल आणि जवळपास तितकाच रुंद खड्डा घ्या. ओल्या चिकणमातीत फावड्याचं पातं भिंती गिलावा केल्यासारख्या गुळगुळीत करून ठेवतं, म्हणून त्या खुरप्यानं ओरबाडा. खड्डा काठोकाठ भरा आणि ते पाणी पूर्ण जिरू द्या. ही पहिली भरणी मोजायची नाही. कोरडी चिकणमाती भेगांतून पाणी घटाघटा पिते आणि निचरा उत्तम आहे असा भास होतो. दुसऱ्यांदा भरा, वर काठी आडवी टाका आणि दर तासाला पट्टीनं पातळी मोजा.

ताशी २.५ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उतरलं तर निचरा चालण्यासारखा आहे. अशा वेळी अडचण वरून येणाऱ्या पाण्याची किंवा लावण्यातल्या चुकीची असण्याची शक्यता जास्त. २.५ पेक्षा कमी असेल तर जमीन मंद. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात बेडूक बसेल इतकं पाणी उरलं असेल तर जागा चिबड आहे, आणि तिथे उंचवट्याशिवाय गत्यंतर नाही.

खड्डा न भरताच त्यात खालून पाणी झिरपून आलं, तर ती गोष्ट निराळी. भूजलच वर आलेलं आहे. तिथे माती सुधारण्यात वेळ घालवू नका.

पायरी ३: पाणी कुठून येतंय ते शोधा

आपण घालतो ते पाणी सगळ्यात आधी डोळ्यांसमोर येतं, पण चोर दुसराच निघू शकतो. हिरवळीसाठी लावलेला तुषार सिंचनाचा टायमर रोज पहाटे दहा मिनिटं चालतो आणि कुणाच्या लक्षातही नसतं. छपराचा पाइप नेमका झाडाच्या दिशेनं सुटतो. वातानुकूलन यंत्राची नळी दिवसभर ठिबकते. वरच्या अंगाच्या फरसबंदीवरून आलेलं पाणी सखल कोपऱ्यात थांबतं, आणि झाड लावायला आपल्याला नेमका तोच कोपरा मोकळा सापडलेला असतो. मोठा पाऊस पडत असताना छत्री घेऊन दहा मिनिटं बाहेर उभे राहा. पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं हे तेव्हा जितकं स्पष्ट दिसतं, तितकं नंतर कुठल्याच मोजमापात दिसत नाही.

मग झाडाभोवतीचं आळं बघा. उन्हाळ्यात पाणी धरायला केलेलं आळं ओल्या हंगामात तळं होतं. उताराच्या बाजूनं त्याचा बांध फोडून टाका. पाच मिनिटांचं काम आहे आणि एवढ्यानंच वाचलेली झाडं मी पाहिली आहेत.

पाणी पूर्ण बंद करा असं मात्र मी म्हणणार नाही, कारण इथे एक फसगत आहे. रोपवाटिकेतली हुंडी बहुधा हलक्या मिश्रणाची असते. कडक उन्हात ती दोन दिवसांत आतून कोरडी होते आणि तिच्या भोवतालची चिकणमाती ओलीच राहते. पावसाळी दिवसांत उलटं, भोवतालचं पाणी हुंडीत येऊन साचतं. म्हणून तपासायचं ते हुंडीच्या आत. लांब स्क्रूड्रायव्हर किंवा बोट १० सेंटिमीटर आत घाला. माती गार लागली आणि बोटाला चिकटून आली तर पाणी नको. भुरभुरीत, कोरडी लागली तर सावकाश, खोलवर जिरेल असं पाणी द्या आणि पुन्हा तपासेपर्यंत विसरून जा. रोज थोडं-थोडं पाणी घालण्याची सवय चिकणमातीत सगळ्यात वाईट. वरचा थर सतत ओला राहतो, आणि हवेशीर असायला हवा तो नेमका तोच थर. झाडाची बारीक मुळं बहुतांशी वरच्या ३० सेंटिमीटरांतच असतात.

पायरी ४: बुंधा उघडा करा

झाड जमिनीतून कसं वर येतंय ते नीट पाहा. निरोगी झाडाचं खोड जमिनीशी रुंदावतं आणि मुळांत उतरताना घंटेच्या कडेसारखं बाहेर पसरतं. तुमचं झाड विजेच्या खांबासारखं सरळ मातीत घुसलं असेल, तर ते खोल लागलं आहे. दोष दर वेळी तुमचाच असतो असं नाही. मोठ्या पिशवीत हलवताना रोपवाटिकेतच बुंध्यावर माती चढते, किंवा ताज्या भुसभुशीत खड्ड्यात झाड नंतर आपोआप खचतं.

खोडालगतची माती हातानं किंवा बोथट काठीनं अलगद बाजूला करा. कुदळ वापरू नका, साल सोलली तर रोगाला दार उघडतं. पाण्याच्या हलक्या धारेनंही माती निघते, पण आधीच चिखल असताना तो मार्ग नको. पहिली जाड मुळं दिसू लागली की थांबा. वाटेत खोडातूनच फुटलेली केसाळ मुळं लागली तर ती कापता येतात. खोडाला वेटोळं घालणारं जाड मूळ लागलं तर तेही धारदार कात्रीनं कापायचं. आज बोटाएवढं असलेलं हे मूळ पाच-दहा वर्षांत खोडाला फास लावतं. मात्र अशी तीन-चार मुळं असतील तर सगळी एकदम कापू नका, एका हंगामात एक कापा. हुंडीवर राहिलेली प्लॅस्टिकची पिशवी, गोणपाट, तार, सुतळी सापडेल ते काढून टाका. झाडावर वर्षभर कष्ट घेतल्यावर खाली न काढलेली पिशवी सापडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

बुंध्याची साल काळवंडलेली, ओलसर, दाबली की आत जाणारी दिसली तर नखानं थोडी खरवडा. आत हिरवट-पांढरं असेल तर ठीक. लालसर तपकिरी डाग असेल आणि तो वर चढत गेलेला असेल, तर बुंधासड धरली आहे असं समजा. हिचं नेहमीचं कारण फायटोफ्थोरा. अँटोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानं १८७६ मध्ये दिलेल्या या नावाचा अर्थच ‘वनस्पतींचा विनाश करणारा’ असा आहे. दिसायला बुरशी, पण नात्यानं ती खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांना जवळची. तिचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात. साचलेलं पाणी हा त्यांचा रस्ता असल्यानं रस्ता तसाच ठेवून कितीही औषध ओतलं तरी रोग परत येतो. डाग खोडाच्या निम्म्याहून अधिक घेरात गेला असेल तर पुढच्या पायऱ्यांचा खटाटोप करू नका, थेट शेवटाकडे जा.

पायरी ५: उचलून उंचावर लावायचं का?

झाड लावून दोन वर्षांच्या आत असेल, हुंडीतली निदान काही मुळं पांढरी असतील आणि निचऱ्याची चाचणी नापास झाली असेल, तर उचला. झाड त्याहून जुनं किंवा मनगटापेक्षा जाड खोडाचं असेल तर ते हलवण्याचा धक्का साचलेल्या पाण्याइतकाच घातक ठरू शकतो. तिथे सहावी आणि सातवी पायरी पुरेशी धरा.

उंचावर का, हे समजायला एक प्रयोग करा. आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच आणि छिद्रंही तीच, पण उभं राहिल्यावर वरचा भाग रिकामा होतो. मातीचंही असंच आहे. तळाशी ठरावीक जाडीचा ओला थर राहणारच, म्हणून मातीचा स्तंभ उंच केला की वरच्या भागात हवा शिरते. तळाशी खडी का घालू नये याचं उत्तरही यातच आहे. बारीक मातीतलं पाणी माती पूर्ण भिजल्याशिवाय खडीच्या मोठ्या पोकळीत उतरत नाही. खडीमुळे ओला थर उलट मुळांच्या जवळ वर सरकतो.

काम वाफसा आल्यावरच करायचं. मूठभर माती दाबून गोळा करा आणि बोटानं टोचा. गोळा फुटून चुरा झाला तर वाफसा आहे. बोटाचा ठसा उमटून माती लुकणासारखी लिंपली गेली तर थांबा. ओल्या चिकणमातीत एक दिवस केलेलं खणकाम आणि तुडवणं तिची रचना वर्षभरासाठी बिघडवतं. भातासाठी चिखलणी करताना आपण हेच मुद्दाम करतो. झाडासाठी झाड विश्रांतीत असताना, नाहीतर ढगाळ, थंड दिवस निवडा.

हुंडी किती मोठी घ्यायची? खोडाच्या प्रत्येक २.५ सेंटिमीटर जाडीमागे साधारण २५ ते ३० सेंटिमीटर व्यासाची. चारी बाजूंनी फावडं सरळ उतरवा, मग तिरकं खालून घाला. उचलताना खोड धरून ओढू नका, हुंडी फुटते. तिच्याखाली ताडपत्री सरकवा आणि ताडपत्री ओढा. ६० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल ओली हुंडी दीडशे किलोच्या आसपास भरते, तेव्हा मदतीला माणसं बोलवूनच ठेवा. लहान झाड पूर्ण बाहेर काढावंही लागत नाही. समोरासमोर दोन पहारी घालून तरफ द्या, झाड उचललं जाताच खाली माती सारा, असं दोन-तीन वेळा करा.

आता खड्डा उथळ करायचा. तळाशी तीच माती भरून पायानं हलकी दाबा, नाहीतर झाड पुन्हा खचेल. हुंडीचा वरचा पाव ते तिसरा हिस्सा जमिनीच्या वर राहिला पाहिजे. खड्ड्याची रुंदी हुंडीच्या दुप्पट-तिप्पट ठेवा आणि भिंती ओरबाडा. गुळगुळीत भिंतीवर मूळ आदळून आतल्या आत गोल फिरतं. उघड्या राहिलेल्या हुंडीच्या कडेपासून चारही बाजूंना दीड-दोन मीटरपर्यंत मातीचा सौम्य उतार द्या. हुंडीच्या माथ्यावर मात्र माती चढवू नका, बुंधा मोकळाच ठेवा. टोपलीसारखा टेकाड नको, पसरट पालथी परात हवी. अरुंद, उभट उंचवटा पहिल्या जोराच्या पावसात वाहून जातो आणि कोरड्या दिवसांत लवकर सुकतो.

भरायला माती कोणती? तीच, ढेकळं फोडलेली. उंचवट्यासाठी जास्तीची लागली तर तिच्यासारखीच आणा. इथे हमखास वाद होतो, म्हणून थोडं थांबतो. खड्ड्यात नुसतं कंपोस्ट भरलं तर आजूबाजूचं पाणी त्या भुसभुशीत जागेकडे धावतं आणि चिकण भिंतींतून बाहेर पडू शकत नाही. माझी बादली अशीच तयार झाली. वाळू थोडीशी मिसळली तर चिकण कण तिच्या फटी भरून टाकतात आणि विटेसारखी घट्ट माती मिळते. खरा फरक पडायला निम्म्याहून अधिक वाळू लागते, म्हणजे ती मातीच बदलणं झालं. जिप्समचा उपयोग आहे, पण तो सोडियमनं बिघडलेल्या चोपण जमिनीत. साध्या चिकणमातीत त्यानं निचरा सुधारत नाही. माती तपासून सोडियम जास्त आहे असं कळलं तरच जिप्सम घ्या.

झाड डुगडुगत असेल तर हुंडीच्या बाहेर दोन काठ्या रोवून खोडाला खालच्या तिसऱ्या भागात रुंद, मऊ पट्टीनं सैलसर बांधा. खोड वाऱ्यात थोडं हललं पाहिजे, त्यानंच ते जाड होतं. वर्षभरात काठ्या काढा.

पायरी ६: पाण्याला वाट द्या

सोपा उपाय आधी. छपराचा पाइप वळवा. पाणी वरच्या अंगानं येत असेल तर झाडाच्या वरच्या बाजूला, फांद्यांच्या घेराबाहेर, उथळ पसरट चर काढून ते बाजूनं काढून द्या. चराला मीटरमागे किमान १ सेंटिमीटर उतार हवा. हिरवळ लावलेला असा चर दिसतही नाही आणि कधी तुंबतही नाही.

त्यानं भागलं नाही तर खडी आणि छिद्रांचा पाइप घातलेला बंद चर. इंग्रजीत तो ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणून ओळखला जातो, पण फ्रान्सशी त्याचा संबंध नाही. हेन्री फ्रेंच नावाच्या अमेरिकी गृहस्थानं १८५९ मध्ये शेतीच्या निचऱ्यावरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं, त्यावरून ते नाव पडलं. चराचं दुसरं टोक कुठल्यातरी खालच्या जागी उघडलं पाहिजे. ते उघडलं नाही तर खर्च करून बांधलेला तो एक लांबट खड्डाच. खोडाजवळून चर नेऊ नका, मुळं तुटतात. आणि खणण्याआधी जमिनीखालच्या वीज-पाण्याच्या वाहिन्या कुठून जातात ते विचारून घ्या.

झाडाभोवती गिरमिटानं भोकं पाडून त्यांत खडी भरण्याचा सल्लाही मिळेल. दाबल्या गेलेल्या कोरड्या जमिनीत त्याचा थोडाफार उपयोग असेल, पण ओल्या चिकणमातीत ही भोकं पाण्याच्या बाटल्या होतात.

पायरी ७: वरून पांघरूण

लाकडाच्या भरड तुकड्यांचं किंवा वाळलेल्या पानांचं आच्छादन ५ ते ७ सेंटिमीटर जाड, जमेल तितक्या रुंद घेरात पसरा. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. खोडाला टेकून रचलेला आच्छादनाचा ढीग छान दिसतो आणि साल कुजवतो. कंपोस्ट द्यायचं असेल तर तेही बोटभर जाडीनं याच्याखाली पसरा, मातीत मिसळण्याचं काम गांडुळांवर सोडा. चिकणमातीत मोठी छिद्रं पाडण्याचं काम गांडुळं आणि मुळं जितकं चांगलं करतात, तितकं कुठलंच अवजार करत नाही. त्याला वेळ मात्र दोन-तीन वर्षांचा लागतो. सतत पाऊस असेल तेव्हा पांघरूण थोडं बाजूला ओढून माती सुकू द्यायलाही हरकत नाही.

बुंध्यापर्यंत आलेली हिरवळ मीटरभर मागे हटवा. त्या घेरात चालणं आणि गवत कापायचं यंत्र फिरवणं बंद.

आता हात मागे

पिवळी पानं पाहून खत घालायचा मोह होईल. मुळं नसलेल्या झाडाला खत पचत नाही, त्यातले क्षार उरलेल्या मुळांना भाजतात. नव्या पालवीचा पूर्ण एक बहर येईपर्यंत खताची गोणी उघडू नका. छाटणीचंही तसंच. ‘मुळं कमी झाली, मग फांद्याही कमी करू’ हा हिशेब ऐकायला बरा वाटतो, पण नवी मुळं पानांनी केलेल्या साखरेवरच वाढतात. वाळलेली आणि मोडलेली फांदी तेवढी काढा.

मोजायचं असेल तर फांदीच्या टोकापासून मागे येत जा. दर वर्षीची वाढ जिथे थांबली तिथे बऱ्याच झाडांच्या फांदीवर बारीक कड्यांचा पट्टा दिसतो. दोन पट्ट्यांमधलं अंतर ही त्या वर्षाची वाढ. ते गेल्या वर्षीपेक्षा वाढलं तर झाड वळणावर आलं आहे, पानांचा रंग काहीही सांगो. सुधारणा साधारण याच क्रमानं दिसते: आधी कोमेजणं थांबतं, पुढच्या पालवीत पानांचा आकार सुधारतो, फांद्यांची लांबी सगळ्यात शेवटी. उचलून लावलेलं झाड एक अख्खं वर्ष जैसे थे राहिलं तरी ते अपयश समजू नका.

फांदी नखानं खरवडून हिरवं दिसतंय का, हे महिन्याभराच्या अंतरानं पाहत राहा. शेंड्याकडून खाली येत येत मुख्य खोडापर्यंत तपकिरी लागलं, किंवा बुंधासडीनं खोड वेढलं, तर झाड काढा. मुळांसकट काढा आणि तिथे वापरलेलं फावडं धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाशी नेऊ नका.

त्याच खड्ड्यात पुन्हा त्याच जातीचं झाड लावू नका. दोन-तीन मीटर सरकून आधी उंचवटा करा, तो एका पावसाळ्यात बसू द्या आणि मग ओल सोसणारी जात निवडा. अर्जुन, करंज, समुद्रफळ, वाळुंज ही मुळात ओढ्या-नद्यांच्या काठची झाडं. दलदलीत उभं राहणारं टॅक्सोडियमही आहे. वाळुंजाची मुळं पाण्याच्या शोधात दूरवर जातात, म्हणून त्याला पाइपांपासून आणि भिंतींपासून लांब ठेवा. आणि जात ओल सोसणारी असली तरी रोप रोपवाटिकेच्या हलक्या मिश्रणात वाढलेलं असतं, चिखलाची सवय त्याच्या मुळांना अजून लागायची असते. त्यामुळे पहिली दोन वर्षं त्याचीही हुंडी १० सेंटिमीटर आत बोट घालूनच तपासायची.